पटतं, पण आत उतरत नाही

'तुम्ही म्हणता ते पटतं, पण आतून तसं वाटत नाही.' बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराशी झुंजणाऱ्या माणसांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. मी वाईट आहे, मला सगळे सोडून जाणार, ही भावना युक्तिवादाने हलत नाही. जेफ्री यंग हे अ‍ॅरन बेक यांच्याकडे बोधात्मक उपचारपद्धती शिकलेले अमेरिकी मानसतज्ज्ञ. ज्यांना त्या पद्धतीचा पुरेसा उपयोग होत नाही, अशा रुग्णांसाठी त्यांनी स्कीमा थेरपी घडवली. कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची त्याच धर्तीची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकाच्या परिचयाची झाली; विवेकाची ताकद तो जाणतो. विवेक जिथे अडतो, तिथून स्कीमा थेरपीचं काम सुरू होतं.

लहानपणी प्रेम, सुरक्षितता, कौतुक मिळालं नाही की स्वतःबद्दलचे आणि जगाबद्दलचे काही साचे मनात घट्ट बसतात. यंग यांनी असे 18 साचे सांगितले. मला ती यादी फार महत्त्वाची वाटत नाही. खरी मोलाची आहे ती 'मोड'ची, म्हणजे क्षणोक्षणी पालटणाऱ्या मनोवस्थांची कल्पना. आत्ता दुखावलेलं मूल बोलतंय, थोड्या वेळाने शिक्षा करणारा पालक, आणि मग अचानक सगळं सुन्न. या सुन्नपणाला 'अलिप्त रक्षक' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस सावरला, शांत झाला. प्रत्यक्षात भावना सांभाळली गेलेली नसते, तिचं दार लावून घेतलेलं असतं. भावनांच्या नियमनाविषयी इतकं बोललं जातं, पण हा फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारी मांडणी मला दुसरी दिसत नाही. मार्शा लिनेहान यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी आधी वादळात तग धरण्याची कौशल्यं शिकवते, आणि जीव धोक्यात असताना तेच आधी हवं. स्कीमा थेरपी त्या वादळाच्या मुळाशी जाते. उपचारक मर्यादेत राहून पालकासारखा आधार देतो. जुन्या आठवणीतल्या प्रसंगात कल्पनेने शिरून त्या मुलाची बाजू घेतो. रिकाम्या खुर्चीत बसवलेल्या, शिक्षा करणाऱ्या आवाजाला रुग्णासमोर उत्तर देतो. हे सगळं पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर रुग्णातला निरोगी प्रौढ हळूहळू बोलू लागतो.

पुरावा काय सांगतो? 2006 साली नेदरलँड्समधला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा भेटी. स्कीमा थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे 45 टक्के बरे झाले, तर ज्या मनोविश्लेषणात्मक पद्धतीशी तुलना होती तिच्यात 24 टक्के. 2009 मध्ये जोन फॅरेल आणि आयडा शॉ यांच्या गटोपचाराचे आकडे आले: आठ महिन्यांनंतर 94 टक्के रुग्ण निदानाच्या निकषांबाहेर. पण अभ्यासात माणसं अवघी 32 होती. एवढ्या छोट्या अभ्यासावर केवढ्या आशा उभ्या राहिल्या! गटात उपचार म्हणजे कमी खर्च, जास्त रुग्ण. 2022 मध्ये पाच देशांतल्या 495 रुग्णांचा निकाल आला. वैयक्तिक आणि गट अशी सांगड घातलेली स्कीमा थेरपी नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. मुख्यतः गटावर भिस्त ठेवलेली मात्र ठरली नाही. मला हा निकाल सर्वांत बोलका वाटतो. एका माणसाने आपल्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेत काटकसर केली की उपचाराचा गाभाच हरवत असावा.

'असावा' म्हणण्याचं कारण आहे. नेमकं काय बदलल्यामुळे रुग्ण बरा होतो, भावना पेलण्याची क्षमता आधी वाढते की साचे आधी सैलावतात, याचं पक्कं उत्तर या क्षेत्राकडे नाही. जर्मनीतल्या ल्युबेक इथे स्कीमा आणि डायलेक्टिकल या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या, तेव्हा निर्णायक फरक निघाला नाही. कोणत्या रुग्णाला काय मानवेल हा प्रश्न आता कोणती पद्धत श्रेष्ठ यापेक्षा मोठा आहे, आणि त्यावर फार कमी काम झालं आहे.

प्रशिक्षणाचाही विचार व्हायला हवा. 2014 च्या डच अभ्यासात बॉर्डरलाइनखेरीज इतर व्यक्तिमत्त्व विकारांचे 323 रुग्ण होते. तिथे व्याख्यानं ऐकून शिकलेल्यांपेक्षा प्रत्यक्ष सराव करून शिकलेल्या उपचारकांच्या रुग्णांना अधिक गुण आला. आपल्याकडे ही पद्धत रुजवू पाहणाऱ्यांनी स्लाइड्स बाजूला ठेवून आधी स्वतः रुग्णाच्या खुर्चीत बसावं, ज्येष्ठाच्या देखरेखीखाली बसावं, आणि एकाच रुग्णासोबत वर्षभर टिकून राहण्याची तयारी ठेवावी.