मोजणी आणि काटा : इक्बाल कसा वाचावा



उर्दू म्हणजे मुशायरा, शमा-परवाना अन् वाहवा, हा समज आधी डोक्यातून काढा. इक्बाल (१८७७-१९३८) हा विचारांचा कवी. तो आज आपल्या कामाचा आहे काय, एवढाच माझा सवाल. त्याची थोरवी प्राध्यापक लोक सांगत बसोत.

कामाचा आहे. जुन्या शायरीत 'खुदी' म्हणजे अहंकार, टाकून देण्याची चीज. १९१५ च्या 'असरारे खुदी' या फारसी काव्यात इक्बालनं हा शब्द उलटा केला, पुढं उर्दूतही तोच चालवला. खुदी म्हणजे माणसाचं स्वत्व. ते कमवायचं, वाढवायचं, कुणापुढं विकायचं नाही. 'तू कोणी नाहीस' हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्यांना हे समजायला शब्दकोश लागत नाही. 'बांगे दरा' (१९२४) मधली 'नानक' ही कविता वाचा. या देशानं गौतमाची किंमत ओळखली नाही अन् शूद्राच्या वाट्याला इथं दुःखच आलं, हे तो स्वच्छ सांगतो.

पण 'जर्बे कलीम' (१९३६) मध्ये 'जम्हूरियत', म्हणजे लोकशाही, नावाची चिमुकली कविता आहे. एका युरोपियनाचा हवाला देऊन तो म्हणतो, या राज्यपद्धतीत माणसं मोजतात, तोलत नाहीत. शिकलेसवरलेले लोक यावर माना डोलावतात. मी राईस मिलमध्ये धानाची पोती उचलतो, काटा रोज पाहतो. मी विचारतो, काटा कोणाच्या हातात? या देशात हजारो वर्षं माणसं तोललीच गेली ना! काटा जातीचा, वजनं मनूची, अन् आमचं वजन शून्य. मोजणी आली तेव्हा कुठं आमचा आकडा एक झाला, बामणाचा एक तसाच.

ही गोष्ट खुदीतूनच निघते. खुदी कमीजास्त होते म्हटलं, की जड माणूस अन् हलका माणूस आलाच. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब संविधान सभेत बोलले : राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य, पण समाजात, अर्थकारणात विषमताच. ही विसंगती लवकर मोडा. म्हणजे मोजणी अपुरी आहे हे त्यांनाही दिसत होतं. पण त्यांचा इलाज काटा नव्हता. मतपेटीतली समता वस्तीत, शेतात, मिलमध्ये नेणं हा त्यांचा इलाज.

भंडाऱ्याच्या माणसाला तर हे कळलंच पाहिजे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत इथं मोजणी झाली अन् बाबासाहेब हरले. कोणी म्हणेल, बघा, सूर्य अन् काजवा सारखाच मोजला! दुखतं, कबूल. पण त्याच मोजणीत आपल्या आज्या-आजींचंही मत होतं. ते हिसकून बाबासाहेबांना निवडून देणारा काटा मला नको.

इक्बालची खुदी घ्या, त्याचा काटा घेऊ नका. अन् कवी कितीही मोठा असो, त्याला सवाल विचारल्याबिगर सोडू नका.

जयभीम.