‘सेट’ : अर्थगणनेचा एक प्रश्न

इंग्रजी भाषेतील सर्वांत अधिक अर्थांचा शब्द कोणता, ह्या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ ‘सेट’ असे दिले जात असे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत ह्या शब्दाचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले आहेत, असे सर्वत्र सांगितले जाते. पुढे २०११ च्या सुमारास, त्याच कोशाच्या पुनर्संपादनात ‘रन’ ह्या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ ठरले आणि त्या कामी पीटर गिलिव्हर ह्या संपादकाचे नऊ महिने खर्ची पडले, असे वृत्त आले आणि ‘सेट’चा मान ‘रन’कडे गेला. हे आकडे विद्यार्थ्यांच्या टिपणांत आणि अध्यापकांच्या व्याख्यानांत आता सिद्ध तथ्यांप्रमाणे वावरतात. त्यांचे मूल्य नेमके काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, अर्थ ही मोजदादीसाठी आयती मांडून ठेवलेली वस्तू नव्हे. दोन प्रयोगांमधील भेद कोशकाराला स्वतंत्र क्रमांकास पात्र वाटला म्हणजे एक अर्थ वाढतो; तोच भेद त्याने संदर्भावर सोपविला म्हणजे एक अर्थ घटतो. सॅम्युएल जॉन्सनला १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत ह्याच वर्गातील क्रियापदांनी हैराण केलेले दिसते. अर्थाने सैल आणि वापराने अतिपरिचित अशा शब्दांच्या त्याने दिलेल्या यादीत ‘सेट’ आणि ‘रन’ हे दोन्ही आहेत. तेव्हा ४३० आणि ६४५ ह्या संख्यांची तुलना करणे म्हणजे वेगवेगळ्या गजांनी मोजलेल्या दोन कापडांची तुलना करण्यासारखे आहे. एका संख्येत जुन्या संपादकांनी नोंदलेला शब्द आहे, दुसरीत शतकभराचा नवा पुरावा आणि नवी पद्धती आहे.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ‘सेट’ हा शब्द एक आहे की अनेक? क्रियापद ‘सेट’ हे जुन्या इंग्रजीतील ‘सेट्टन’ ह्या रूपापासून आले असून ते ‘सिट’ म्हणजे ‘बसणे’ ह्या धातूचे प्रयोजक रूप होय. संस्कृतातील ‘सद्’ आणि त्याचे प्रयोजक ‘सादयति’ ही ह्याच मूळ जोडीची भावंडे आहेत. परंतु ‘समूह’ ह्या अर्थाचे नाम ‘सेट’ हे जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन ‘सेक्ता’पासून आलेले आहे, त्या ‘सेक्ता’चा ‘सद्’शी संबंध नाही. कोशाने ही नामे वेगळी नोंदली हे योग्यच झाले. तथापि वापरणाऱ्यांच्या मनात ती वेगळी राहिलेली नाहीत. एकत्र मांडलेल्या वस्तू म्हणजे ‘सेट’, अशी समजूत क्रियापदाच्या प्रभावाने रूढ झाली आणि दोन उगमांचे पाणी एका पात्रात मिसळले. अशा स्थितीत व्युत्पत्ती दोन शब्द सांगते, भाषकाची जाणीव एक सांगते; ह्यांपैकी कोणाची साक्ष ग्राह्य मानावी, ह्यावरच अर्थांची संख्या अवलंबून राहते.

हा वाद नवा नाही. मिशेल ब्रेआलने १८९७ मध्ये अनेकार्थतेला ‘पोलिसेमी’ हे नाव देण्यापूर्वी कित्येक शतके भर्तृहरीच्या वाक्यपदीयात तो उपस्थित झालेला आहे. अर्थ बदलला तरी शब्द एकच, असा एक पक्ष. अर्थ भिन्न तर शब्दही भिन्न, केवळ रूप समान, असा दुसरा. अर्थनिश्चितीची जी साधने भर्तृहरीने सांगितली, त्यांत संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध आणि प्रकरण ह्यांचा समावेश आहे. म्हणजे अर्थाचा बराचसा भार शब्दाने एकट्याने वाहायचा नसून सोबतच्या शब्दांनी वाहायचा असतो. चार्ल्स रूल ह्यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात एकार्थतेचा जो पक्ष मांडला, त्याचा रोख साधारणपणे ह्याच दिशेचा आहे.

मराठीतील ‘बसविणे’ ह्या क्रियापदाकडे पाहिले असता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. त्याचे मूळ ‘सद्’ नव्हे. जुन्या ‘बैसणे’मागे ‘उपविश्’ आहे. तरीही प्रयोजकाने घेतलेल्या वाटा आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत. कोंदणात खडा बसवितात, निखळलेले हाड बसवितात, पदाला चाल बसवितात. ह्या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालतो. सूर्याचा अस्त ‘सेट’ने सांगणे मराठी विद्यार्थ्याला विचित्र वाटते, परंतु धूळ बसते, आवाज बसतो, धंदा बसतो, ह्या प्रयोगांत ‘बसणे’ खाली जाण्याच्या अर्थाला कसे पोचते हे त्याला ठाऊक असते. मात्र साम्य येथेच संपते. आग लावणे, कामाला लावणे, घड्याळ लावणे, सापळा लावणे ह्या प्रयोगांत इंग्रजी ‘सेट’च राहते, मराठी मात्र ‘लावणे’कडे वळते. तारीख ‘ठरते’, प्रश्नपत्रिका ‘काढली जाते’ आणि सिमेंट ‘घट्ट होते’.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत चार क्रियापदे लागतात म्हणून इंग्रजीत चार अर्थ आहेत, हे अनुमान टिकणारे नाही. अन्यथा प्रत्येक परभाषेगणिक शब्दाचे अर्थ बदलतील. कसोटी त्या भाषेच्या आतूनच लावली पाहिजे. ‘त्याने देव्हाऱ्यात मूर्ती बसविली आणि तिच्या मुकुटात खडाही’ हे वाक्य सरळ वाटते. ‘त्याने अंगठीत खडा बसविला आणि गणेशोत्सवात नाटकही’ हे वाक्य हसू आणते. पहिल्या वाक्यात क्रियापदाचा अर्थ एक आहे, दुसऱ्यात तो तुटलेला आहे. ही कसोटी सर्वत्र निर्णायक ठरत नाही. काही वाक्ये एकाला खटकतात, दुसऱ्याला खटकत नाहीत. तरीही ती ‘सेट’ला लावल्यास ४३० पैकी अनेक क्रमांक परस्परांत विलीन होतील.

हा विचार केवळ सैद्धान्तिक नाही. १८४७ च्या कँडीकृत कोशापासून इंग्रजी–मराठी कोशरचनेची परंपरा सुरू आहे, आणि इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची रांग उभी करणे ही द्विभाषिक कोशांची रूढ पद्धती आहे. ठेवणे, बसविणे, लावणे, ठरविणे, मांडणे, अशी रांग वाचणाऱ्याला हाड ‘ठरवू’ नये आणि तारीख ‘लावू’ नये, हे कोण सांगणार? रांगेत प्रतिशब्द वाढविल्याने ही अडचण दूर होत नाही, उलट वाढते. कोणत्या कर्माबरोबर कोणते क्रियापद, ही जोडी दिली तर दहा ओळींत जे साधेल, ते शंभर क्रमांकांनी साधणार नाही.

मराठीने उसना घेतलेला ‘सेट’ ह्याचीच साक्ष देतो. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट आणि चित्रपटाचा सेट मराठीत स्थिरावले. गणितात मात्र ‘संच’ रूढ झाला. ‘मुलगा सेट झाला’ ह्या प्रयोगात शेजारच्या ‘सेटल’ची छाया स्पष्ट आहे. आणि महाराष्ट्र व गोव्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘सेट’ म्हटल्यावर प्रथम आठवते ती अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा. हे आद्याक्षरांचे रूप ना ‘सद्’चे, ना ‘सेक्ता’चे, तरी उच्चारात ते वेगळे काढता येत नाही. वाक्यात मात्र कोणाची गफलत होत नाही. सेट ‘फुटला’ म्हटले की कपबश्या दिसतात, ‘उभारला’ म्हटले की चित्रपट, ‘सुटली’ म्हटले की परीक्षा. भाषक क्रमांक मोजीत नाही. तो सोबतचा शब्द ऐकतो. कोशाने त्याच्याकडून एवढे घेतले तरी पुष्कळ होईल.