‘भूमी’ या शब्दाची व्याप्ती

प्रशांत महासागरातील तुवालूची बेटे बुडत आहेत, हा समज आज रूढ झाला आहे. पॉल केंच व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ मधील निबंधाने त्याला सप्रमाण छेद दिला. १९७१ ते २०१४ या काळातील विमानातून व उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे ताडून पाहून, १०१ बेटांचे एकूण क्षेत्रफळ ७३.५ हेक्टरांनी, म्हणजे २.९ टक्क्यांनी, वाढल्याचे त्यांनी दाखविले. लाटा प्रवाळाचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणून बेट ही सतत घडत राहणारी वस्तू होय, हे त्यांचे प्रतिपादन मान्य केले पाहिजे.

परंतु तेवढ्यावरून ही बेटे पुढील शतकभर वस्तीस आधार देतील असे अनुमान काढताना ‘भूमी’ या शब्दाचा अर्थ संकुचित होतो. तुवालू भाषेतील ‘फेनुआ’ हा शब्द भूमी व तीवरील जनसमुदाय या दोहोंचा वाचक आहे. गोड्या भूजलापर्यंत खणलेल्या खाचरांत तेथे ‘पुलाका’ नावाचा कंद पिकवितात. त्या खाचरांत खारे पाणी शिरले, तर किनाऱ्यावरील नव्या वाळूने ती हानी भरून येत नाही. ऑस्ट्रेलियाशी २०२३ साली झालेल्या करारान्वये प्रतिवर्षी २८० पर्यंत तुवालूवासीयांना तेथे जाऊन राहण्याची वाट खुली झाली आहे. तेव्हा क्षेत्रफळ वाढत असतानाही समुदाय ओसरणे संभवते.

अनुकूलनाच्या अभ्यासकांनी किनारारेषेबरोबर गोडे पाणी व खाचरेही मोजावीत. बेट न बुडणे आणि फेनुआ टिकणे यांतील भेद त्यावाचून स्पष्ट होणार नाही.