दोष शोधणारी साधने आणि मोखाड्यातील मोबाईल

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या मदतीला आज दोन प्रकारची साधने आहेत. पहिल्या प्रकारची साधने लिहिलेली आज्ञावली वाचून तिच्यातले दोष दाखवतात. दुसऱ्या प्रकारची साधने ती लोकांच्या हाती गेल्यावर कशी चालते यावर पाळत ठेवतात. ‘यांपैकी कोणते साधन सरस?’ असे विचारणारी तुलनापत्रके रोज निघत असतात. आमचा आक्षेप कोणत्याही एका साधनाला नाही. तो या प्रश्नाला आहे.

पहिला प्रकार जुना आहे. १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाची आज्ञावली केली. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धागे-तंतू. आज्ञावली प्रत्यक्ष न चालवताच तिच्यातले संशयास्पद भाग लिंट वेचून दाखवी. सध्याचे ‘सोनारक्यूब’ याच घराण्यातले. याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबताना ती मावली नव्हती. असला दोष कागदावरच्या तपासणीत सापडू शकतो.

पण तपासणी असते ती लिहिण्याची. अर्थाचा तिला पत्ता नसतो. एक उदाहरण घेऊ. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित समजले जाते. समजा, लिहिणाऱ्याने नजरचुकीने ११५ ऐवजी १०५ लिहिले. आज्ञावली नीटनेटकी आहे, नावे सुबोध आहेत, निरर्थक ओळ एकही नाही. साधन तिला ‘अ’ श्रेणी देईल, आणि ११० मिलिमीटर घेराचे मूल यादीतून गळेल. ही चूक पकडायची तर ‘११० घातल्यावर काय उत्तर आले पाहिजे’ हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाने तशी चाचणी लिहावी लागते. शिक्षकांना हे सांगायला नको. वळणदार अक्षरातले चुकलेले गणित त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते.

आता दुसरा प्रकार. ‘सेंट्री’ हे साधन २००८ मध्ये सुरू झाले, ‘प्रोमिथियस’ २०१२ मध्ये. दोघांची रीत वेगळी आहे. सेंट्रीमध्ये आज्ञावली अडखळली की ती स्वतःच तसा निरोप पाठवते. प्रोमिथियस ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राकडे स्वतः जाऊन विचारपूस करते आणि उत्तर आले नाही, तर तेही नोंदवते. वर्गात एक शिक्षक म्हणतात, ‘ज्याला अडचण असेल त्याने हात वर करा’. दुसरे हजेरी घेतात. गैरहजर मुलाचा हात वर होत नाही, एवढाच फरक. पण तो लहान नाही.

जव्हार-मोखाड्याकडे पाहिले की हा फरक पुस्तकी राहत नाही. हे डोंगराळ, मुसळधार पावसाचे तालुके १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्याला माहीत झाले. २०१६ मध्ये मोखाड्याचे नाव त्याच कारणाने पुन्हा वर्तमानपत्रांत आले. येथे मुलाचे वजन वेळेवर नोंदले जाणे ही कार्यालयीन बाब नाही. ती नोंद आता मोबाईलवर होते. अनेक पाड्यांवर रेंज मिळवायला टेकाड चढावे लागते. ज्या फोनमध्ये बिघाड झाला आणि रेंजही नाही, त्याचा निरोप निघतच नाही. काही साधने निरोप फोनमध्ये साठवून मागाहून पाठवतात, पण साठवणीलाही मर्यादा असते. दूरच्या कार्यालयातल्या पडद्यावर मात्र त्या पाड्यापुरते सारे हिरवेगार!

आम्हीही या सापळ्यात सापडलो आहोत. प्रयोगशाळेत तापमापकाची तार सुटली, की आमची आज्ञावली तेथे शून्य लिहीत असे. कित्येक दिवस आम्ही त्या शून्यांची सरासरी काढत होतो. नोंद नसणे आणि नोंद शून्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना शिकवणारे आम्हीच.

देशभर काय घडले तेही पाहावे. पोषण अभियानातील आधीची आज्ञावली बंद झाल्यावर मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोनची साठवण अपुरी होती, तो तापत असे, आणि माहिती इंग्रजीत भरावी लागे. पुढे मराठीसह अनेक भाषा आल्या. या तक्रारींपैकी साठवणीची तक्रार पाळत ठेवणाऱ्या साधनाला कदाचित दिसली असती. भाषेची तक्रार दोन्ही प्रकारांना दिसणे शक्य नव्हते, कारण सेविकेला न वाचता येणारे वाक्य संगणकाच्या लेखी अगदी निर्दोष असते. ती दिसली फोन टेबलावर ठेवून निघून आलेल्या बायकांमुळे.

तुलनापत्रकांत आम्हाला आणखी एक गोष्ट सापडत नाही. पाळत ठेवणारे साधन बिघाडाच्या निरोपाबरोबर त्या क्षणी भरलेला मजकूरही उचलू शकतो; त्यात मुलाचे नाव आणि वजन असेल. ते कोणत्या देशातल्या संगणकावर जाते, हा प्रश्न किमतीच्या रकान्याआधी यायला हवा.

मग निवड कशी करावी? पैसा थोडा असेल, तर पहिल्या प्रकाराची फुकट मिळणारी साधने पुरतात आणि ती लिहिणाऱ्यांना शिस्तही लावतात. खर्च करायचाच तर तो हजेरीवर करावा. तालुक्यातल्या सर्व अंगणवाड्यांची यादी एका बाजूला, गेल्या आठवड्यात ज्यांच्याकडून काही आले त्यांची दुसऱ्या बाजूला. उरलेल्या नावांपुढे शून्य न लिहिता ‘कळले नाही’ असे लिहावे आणि पर्यवेक्षिकेने तेथे जावे. कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक जुना, साठवण भरत आलेला फोन देऊन पावसाळ्यात सूर्यमाळच्या बाजूला पाठवावे. तेथे आज्ञावली मुद्दाम बंद पाडावी, आणि त्याचा निरोप कार्यालयात किती दिवसांनी पोचतो ते मोजावे.