परत मिळालेलं आणि विकत घेतलेलं

रघूजीराजांची तलवार परत मिळाली, असं आपण सगळेच म्हणतो. आम्हालाही आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही. पण आजचा मुद्दा त्या 'परत' या शब्दाचा आहे. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावली, ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली. याला मराठीत खरेदी म्हणतात.

मग परत मिळणं म्हणजे काय? त्यासाठी इटलीकडे बघू. १७९६ पासून नेपोलियनने तिथली चित्रं, पुतळे फ्रान्सला नेले, पण कसे? तहात कलमं घालून. पोपशी १७९७ मध्ये झालेला तोलेन्तिनोचा तह हा त्यातला मोठा. लूटच ती, पण यादीवार. माल गेला लुव्रमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे १८१५ मध्ये नेपोलियन पडल्यावर पोपतर्फे शिल्पकार कानोव्हा पॅरिसला आला, तेव्हा काय मागायचं आणि कुठे मागायचं, हे त्याला माहीत होतं. तरी चित्रांपैकी निम्मीच परतली. व्हेरोनेसेचं 'कानाचं लग्न' हे प्रचंड चित्र, हलवता येत नाही म्हणून, अजून लुव्रमध्येच आहे. हलवून आणलं होतंच की!

या मागणीच्या पाठीशी कोण होतं, हे आपल्या नागपूरकरांनी नीट ऐकावं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८१५ च्या पत्रात तो लिहितो, त्याचा आशय असा: सुसंस्कृत युद्धाच्या रीतीविरुद्ध उचललेल्या या वस्तू ज्यांच्या त्यांना द्यायलाच हव्यात. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आडगावला आणि गाविलगडावर भोसल्यांच्या फौजेला हरवलं होतं. आणि त्या पत्रानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, आपल्या बर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडलं. त्या दख्खन मोहिमेतली लूट वाटायला जे विश्वस्त नेमले, त्यांत पहिलं नाव वेलिंग्टनचंच! १८३१ मध्ये या वाटणीवरून इंग्लंडच्या न्यायालयात खटला चालला, त्यात तो प्रतिवादी आहे. म्हणजे रोमची चित्रं परत द्यायची, आणि दख्खनच्या लुटीची हुद्द्याप्रमाणे वाटणी करायची.

याला दुटप्पीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. आम्हाला त्यातली पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. फ्रान्सने लूट एका छताखाली ठेवली, इंग्रजांनी ती विकून रोख केली. वाटणीसाठी वस्तूचे पैसे व्हावे लागतात, आणि पैसे झाले की वस्तू कुणाच्या घरी गेली याचा माग राहत नाही. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही तेच. वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याला विकायला धाडलं. आता या तलवारीबद्दलही एवढंच सांगतात की ती १८१७ नंतर बहुधा लुटीत गेली असावी, किंवा भेट म्हणून. पात्यावर सोन्याने रघूजींचं आणि सेनासाहेबसुभ्याचं नाव देवनागरीत कोरलेलं आहे, म्हणून धनी कळतो. प्रवास कळत नाही. आणि 'बहुधा'वर मागणी उभी राहत नाही, बोली लावावी लागते.

म्हणून सरकारच्या खरेदीवर आमची टीका किमतीची नाही. तलवारीचा गाजावाजा झाला, मिरवणूक झाली, पण त्या वाटणीचे कागद वाचायला कुणी माणूस बसवल्याचं ऐकलं नाही. लंडनला पुढचा लिलाव होईल तेव्हा आपण पुन्हा गिऱ्हाईक म्हणूनच उभे राहणार का?

आणि एक. राफाएलचं 'रूपांतर' हे चित्र १८१५ नंतर रोमला आलं खरं, पण ज्या चर्चच्या वेदीवरून नेलं तिथे गेलं नाही, व्हॅटिकनच्या दालनात राहिलं. आपल्याकडे १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, महालात भोसल्यांचा वाडा आहे. तलवार मुंबईला उतरली, ठीक. नागपुरात ती कायमची कुठल्या काचेमागे आणि कुठल्या पाटीसह ठेवायची, हे विचारायला हवं. त्या पाटीवर 'खरेदी, २०२५' लिहायला लाज वाटू नये.