रोटरी एन्कोडरची विभेदनक्षमता : संकेतप्रक्रियेवर आधारित दाव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

पाटण तालुक्यातील कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. पावसाळ्यात हे दरवाजे किती फुटांनी उचलले, ही वार्ता पाटण-कराडपासून थेट सांगलीपर्यंतचा नदीकाठ कान देऊन ऐकतो. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको. वक्र दरवाजा आडव्या आसाभोवती फिरतो. त्यामुळे त्याची उघडीप मोजणे हा मूलतः कोनमापनाचा प्रश्न होय. फिरत्या आसाचा कोन विद्युतसंकेतात रूपांतरित करणारे सर्वपरिचित साधन म्हणजे रोटरी एन्कोडर. त्याची विभेदनक्षमता संकेतप्रक्रियेच्या साहाय्याने वाढविणे हा विषय अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत व शोधनिबंधांत वारंवार हाताळला जातो. मात्र अशा लेखनात विभेदनक्षमता वाढली म्हणजे अचूकताही वाढली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धतीचे स्वरूप

एन्कोडरच्या तबकडीवर समान अंतराने रेषा कोरलेल्या असतात. तबकडी फिरू लागली की दोन प्रकाशसंवेदकांतून पाव आवर्तनाचा कलाभेद असलेले दोन संकेत मिळतात. 1024 रेषांच्या तबकडीत प्रत्येक रेषेमागे संकेतांचे चार चढउतार मोजले, तर एका फेऱ्यात 4096 पायऱ्या मिळतात. म्हणजेच एक पायरी सुमारे 0.088 अंशाची असते. हे दोन संकेत चौकोनी न ठेवता ज्या व कोज्या स्वरूपात घेतले, त्यांचे अंकीय रूपांतर केले आणि त्यांच्या गुणोत्तरावरून व्यस्त स्पर्शज्या काढली, तर दोन रेषांमधील स्थानही कळू शकते. या क्रियेस अंतर्वेशन म्हणतात. प्रत्येक रेषांतराचे 256 भाग केल्यास एका फेऱ्यात 2,62,144 पायऱ्या होतात व एक पायरी सुमारे 5 विकलांची उरते. व्यस्त स्पर्शज्या त्वरेने काढण्यासाठी जॅक व्होल्डर यांनी 1959 मध्ये मांडलेली कॉर्डिक पद्धती उपयोगी पडते. तीत गुणाकाराऐवजी बेरीज व स्थानांतर एवढ्यावरच काम भागते.

या पद्धतीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अधिक रेषांची तबकडी महाग असते. गणिताने मिळालेली सूक्ष्मता त्या मानाने स्वस्त पडते. वेगनियंत्रणात लहान पायऱ्यांमुळे गती नितळ होते, हा लाभही खरा आहे.

दावा आणि वस्तुस्थिती

व्यस्त स्पर्शज्येचे गणित दोन्ही संकेत आदर्श आहेत, असे मानून चालते. प्रत्यक्षात दोन संकेतांचे आयाम समान नसतात, त्यांचा शून्यबिंदू सरकलेला असतो आणि कलाभेद नेमका 90 अंश नसतो. परिणामी वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ मिळते. शून्यबिंदू आयामाच्या 2 टक्क्यांनी सरकला, तरी त्रुटी आवर्तनाच्या सुमारे 314 व्या भागाइतकी होते. म्हणजे 256 भागांपैकी जवळजवळ एक भाग त्यातच जातो. पीटर हायडेमन यांनी 1981 मध्ये व्यतिकरणमापकासाठी सुचविलेली दुरुस्ती येथे लागू पडते. मोजलेल्या बिंदूंना जुळणारे लंबवर्तुळ न्यूनतम वर्ग पद्धतीने शोधून त्याचे पुन्हा वर्तुळ करावयाचे, असे तिचे सूत्र आहे. संकेतप्रक्रियेने अचूकतेस खरोखर हातभार लावला आहे तो या ठिकाणी. पण ही दुरुस्ती एका रेषांतराच्या आतील त्रुटींपुरतीच आहे.

यापुढची त्रुटी संकेतात नसून बसवणीत असते. तबकडीचे केंद्र आणि आसाचे केंद्र यांत अल्पशी उत्केंद्रता राहिली, तर प्रत्येक फेऱ्यात एकदा वरखाली होणारी त्रुटी निर्माण होते. उदाहरणादाखल, रेषांच्या वर्तुळाची त्रिज्या 20 मिलिमीटर व उत्केंद्रता 0.05 मिलिमीटर मानल्यास कमाल त्रुटी 0.0025 रेडियन, म्हणजे सुमारे 0.14 अंश येते. असा एन्कोडर 10 मीटर त्रिज्येच्या वक्र दरवाजाच्या आसावर बसविला, तर अंतर्वेशनानंतर पडद्यावर 0.24 मिलिमीटरचा फरकही दिसेल. परंतु दरवाजाच्या कडेचे स्थान 25 मिलिमीटरपर्यंत चुकलेले असू शकेल. त्रुटी पायरीच्या शंभरपट आहे. पडद्यावरील शेवटचे आकडे त्या दरवाजाविषयी काहीही सांगत नाहीत.

सरासरी काढून हा दोष जाईल, ही अपेक्षाही निराधार आहे. सरासरीने कमी होतो तो यादृच्छिक गोंगाट. उत्केंद्रतेची त्रुटी त्याच कोनाला तीच येते, म्हणून हजार वाचनांच्या सरासरीतही ती तशीच राहते. तबकडीच्या समोरासमोर दोन वाचक बसवून त्यांची सरासरी घेतली, तर मात्र ती नाहीशी होते, कारण दोघांच्या त्रुटी परस्परविरुद्ध असतात. शिवाय गोंगाट गाळणारी प्रत्येक प्रक्रिया काही विलंब आणते. संथ दरवाजाला त्याची क्षिती नाही. परंतु पाटण तालुक्यातीलच वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि पवनचक्कीतील जनित्राचा आस मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर एक सहस्रांश सेकंदाच्या विलंबात तो 9 अंश पुढे गेलेला असतो.

खोडदचा धडा

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांच्या दोन्ही आसांवर 17 बिटांचे एन्कोडर आहेत. त्यांची एक पायरी सुमारे 10 विकलांची असते. तरीही तबकडी नेमकी कोठे रोखली आहे, याचा निर्णय एकट्या एन्कोडरवर सोपविला जात नाही. स्थान ज्ञात असलेल्या रेडिओ स्रोतांकडे तबकडी वळवून फरक मोजला जातो व त्यानुसार दुरुस्ती ठरविली जाते. अचूकता उपकरणाबाहेरील संदर्भाशी ताडून पाहिल्यावरच सिद्ध होते, हा यातील धडा आहे.

समारोप

पिअर व्हर्निअर यांनी 1631 मध्ये मांडलेली मोजपट्टी हीदेखील एक प्रकारे अंतर्वेशनच होय. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिचे लघुतम माप काढावयास शिकविताना शून्य त्रुटी पाहण्यासही शिकविले जाते. एन्कोडरवरील प्रकल्प तपासताना हा जुना शिरस्ता विसरला जाऊ नये. किती बिट मिळाले, याबरोबरच कोणत्या प्रमाणाशी तुलना केली आणि पूर्ण फेऱ्यातील त्रुटीचा आलेख कोठे आहे, हे प्रश्न मार्गदर्शक व परीक्षक यांनी विचारले पाहिजेत. आकड्यातील दशांश स्थळे वाढविणे गणिताला साधते. त्यांवर विश्वास ठेवण्याचा अधिकार मात्र कॅलिब्रेशननेच मिळतो. नदीकाठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ पारिभाषिक नाही.