शास्त्रतत्त्वविनिर्णय : एक परीक्षण

नीळकंठशास्त्री गोरे यांच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथाची नोंद ‘ख्रिस्तमतखंडन’ या सदराखालीं करून सूचिकार मोकळे होतात. आमच्या मतें हें सदर अपुरें आहे.

कंपनी सरकारच्या सेवेंतील जॉन म्यूर यांनीं सन १८३९ मध्यें ‘मतपरीक्षा’ हा श्लोकबद्ध ग्रंथ रचिला. खरें शास्त्र कोणतें हें बुद्धीनें पारखावें, ही त्यांची प्रतिज्ञा. त्यास सुबाजी बापू यांनीं ‘सोमनाथ’ या नांवानें, व पुढें हरचंद्र तर्कपंचानन यांनीं उत्तरें दिलीं. परंतु १८४४-४५ मध्यें काशींतील विशीच्या या चित्पावन तरुणानें दिलेलें उत्तर अधिक खोल आहे. अल्प आयुष्यांतील पापास अनंत नरक हा कोणता न्याय? पूर्वजन्म न मानल्यास अर्भकांच्या व मुक्या प्राण्यांच्या दुःखाचें कारण काय? हे प्रश्न आजहि शिळे झालेले नाहींत.

ग्रंथाचा खरा गाभा मात्र निराळा आहे. शास्त्रावर आधीं श्रद्धा, तर्क तिचा अनुचर. केवळ तर्काच्या मागें जाणारा नास्तिक्यांत बुडतो, असें शास्त्रीबोवा म्हणतात. येथेंच आमचा आक्षेप आहे. श्रद्धा प्रथम मानली तर ख्रिस्ती मनुष्यहि तेंच म्हणेल, आणि मग त्याच्या नरकास न्यायाच्या काट्यावर तोलण्याचा अधिकार कोठून आणावयाचा? तर्कास परगृहीं धाडला, तर स्वगृहाचें दार त्यास बंद करतां येत नाहीं.

तें बंद राहिलेंहि नाहीं. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें शास्त्रीबोवांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें. कोणी यास मोह म्हणतात, कोणी ईश्वरी प्रकाश. दोन्ही पक्षांनीं मूळ ग्रंथ वाचण्याचे कष्ट फारसे घेतलेले दिसत नाहींत! १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथांत त्यांनीं तोच तर्क आपल्या दर्शनांवर चालविला. शंकांनीं मात्र त्यांस मतांतरानंतरहि सोडिलें नाहीं. आणि ज्या अनंत नरकास तरुणपणीं अन्याय ठरविलें, त्याच्याच समर्थनार्थ पुढें त्यांस लेखणी उचलावी लागली. १८९५ मध्यें ते वारले.

सदाशिव कात्रे यांनीं संपादिलेली संहिता १९५१ मध्यें उज्जयिनीहून मुद्रित झाली असल्यानें ताडून पाहण्याची सोय आहे. संग्राहकांनीं ‘विनिर्णय’ व ‘दर्पण’ हे ग्रंथ एकाच फडताळांत ठेवावे, व सूचींत एकाची नोंद करतांना दुसऱ्याचा निर्देश अवश्य करावा.